जुळलेल्या भुवयांचं गाव

८ फेब्रुवारी

ताई,

इतक्या वर्षांनी तुझी चिठ्ठी आली आणि त्यात काय? "हे खरं आहे का?" बस्स. ना मायना, ना सही. सोबत एक पुस्तक, त्यातल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि मी दारातच बसकण मारली. पोस्टमनला वाटलं, कुणी गेलं. म्हटलं, "नाही हो, कुणीतरी आलं."

फोन नंबर दिला नाहीस, पत्ता मात्र मागे ठसठशीत लिहिलास. म्हणजे तुला ऐकायचं नाही, वाचायचं आहे. ठीक आहे. मी बोलते तशीच लिहिते, तेव्हा तुझी सुटका नाही.

ते पान मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. देशोदेशी फिरणारी ती लेखिका लिहिते: "नदीकाठच्या या लहानशा गावात बायका आपल्या दोन भुवयांना नाकाच्या वर एकमेकींना भेटू देतात. मी जिथे जिथे गेले तिथे बायकांच्या कपाळावर दुसऱ्या कुणाची तरी सत्ता पाहिली. इथे नाही. इथे जुळलेली भुवई हेच सौंदर्याचं लक्षण. पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी ती भुवई मिरवत इथल्या बायका ताठ मानेने चालतात, आणि त्यांना आरशाची गरज पडत नाही."

आरशाची गरज पडत नाही म्हणे! ताई, मी या गावात पार्लर चालवते. तेच, शिंप्याच्या दुकानावरचं. भिंतभर आरसे आहेत आणि तरी प्रत्येकीला उजेडाकडचाच हवा असतो. गावातल्या निम्म्या भुवया माझ्या दोऱ्याखालून गेल्यात. उरलेल्या निम्म्या माझ्याआधी आईच्या दोऱ्याखालून गेल्या होत्या.

तर नाही, खरं नाही. या गावात जुळलेल्या भुवयांची बाई एकच आहे. माझी मुलगी.

हो, मला मुलगी आहे. एका जागी बसायचं माहीत नाही, म्हणून लहानपणापासून भिंगरी म्हणतो. आणि नशीब बघ, नोकरी लागली ती धक्क्यावरच्या तिकीट-खिडकीत, दिवसभर बसायची! तिचे वडील म्हणजे धक्क्यावरून शीळ घालायचा तोच. आता लाँचची इंजिनं दुरुस्त करतात आणि शीळ घालायला वेळ नाही म्हणतात.

भिंगरीच्या भुवया तुझ्या आहेत. दवाखान्यात माझ्या हातात दिली तेव्हा मी आधी तेच पाहिलं. नाक ह्यांचं, हनुवटी माझी, आणि कपाळावर तू. मी आजवर त्यांना दोरा लावलेला नाही. कारण एक तर ती खुर्चीत बसत नाही. दुसरं कारण तुला ठाऊक आहे.

तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते, पण तो दिवस मला पुरता आठवतो. दुकानाच्या काचेत तुझे दोन फोटो होते. एकाखाली 'आधी', एकाखाली 'नंतर'. 'आधी'मध्ये तुझ्या त्या भुवया आणि रडून सुजलेले डोळे. 'नंतर'मध्ये रेघेसारख्या दोन कमानी आणि आईने शिकवलेलं हसू. बाजारातली पोरं तुला 'आधी' म्हणूनच हाक मारायची. त्या दिवशी तू काच सरकवलीस, 'आधी' काढून घेतलास, बॅग उचललीस आणि लाँचवर चढलीस. आई गॅलरीतून ओरडत होती, "दुकानाची वस्तू आहे ती!" तू वळून म्हणालीस, "मी नाहीये."

आई बरी आहे. त्याहून जास्त तू विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगत नाही.

तुझी,
धाकटी


५ एप्रिल

ताई,

तुझं दुसरं पत्र मिळालं. प्रगती आहे, या वेळी दोन ओळी! मुलगी एकोणीसची आहे. भुवया डाव्या कानशिलापासून उजव्या कानशिलापर्यंत आहेत, मध्ये कुठेही थांबा नाही.

आता इथली गंमत ऐक. त्या पुस्तकाने गावाची पार उलथापालथ केली आहे. वाचक यायला लागलेत! हातात पुस्तक, गळ्यात कॅमेरा. पहिल्यांदा दोघी आल्या आणि तिकीट-खिडकीत डोकं घालून बघत राहिल्या. भिंगरी म्हणाली, "लाँच सुटली, पुढची दुपारी आहे." त्यांना लाँच नकोच होती. एकीने मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं, "हात लावून बघू?" भिंगरी म्हणाली, "आधी तिकीट काढा."

पोरीला सुरुवातीला मजा वाटली. घरी येऊन नक्कल करून दाखवायची. पण हे लोक तिथून निघतात आणि बाजारभर बाकीच्या भुवया शोधत फिरतात. आणि दिसतात काय, तर आम्ही केलेल्या बारीक कमानी. मग त्यांचे चेहरे पडतात. एकजण वाणीणबाईंकडे इतक्या कळवळून बघत होता, जणू त्यांना घरात कुणी छळतंय. वाणीणबाई तावातावाने माझ्याकडे आल्या. "पुस्तकात आमच्या गावाचं नाव, आणि आम्हीच त्यात बसत नाही म्हणजे काय?"

बघता बघता माझं दुकान रिकामं. ज्या बायका दर पंधरवड्याला यायच्या, त्या रस्त्याच्या पलीकडून जायला लागल्या. मी हातावर हात धरून बसले. पण ताई, वर्षानुवर्षं उपटलेले केस काही पुस्तक वाचून परत उगवत नाहीत. एके दिवशी खालची शिंपीण वर आली, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मधल्या जागेत चार केस काढून दे ना." मी म्हटलं, तुझ्या मधल्या जागेत आहे काय काढायला! तरी सवयीने दोरा दातात धरला, तशी ती किंचाळली, "काढून म्हणजे पेन्सिलीने गं!"

तेव्हापासून मी भुवया काढते. म्हणजे पूर्वी काढायचे तशा नाही, चित्रात काढतात तशा. शाळेच्या मुख्याध्यापिका शनिवारी ठसठशीत जोडून घेऊन गेल्या. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी ऊन होतं. घामाने पेन्सिल नाकावरून ओघळून मिशीपर्यंत पोचली. मुली प्रार्थना कशी म्हणणार? बाईंनी प्रसंग ओळखला, हातरुमालाने सगळं पुसलं आणि म्हणाल्या, "हं, हसून झालं असेल तर दुसरं कडवं." मला त्या बाई तेव्हापासून फार आवडायला लागल्यात.

आता एक सांगते. मागच्या पत्रात 'आई बरी आहे' एवढंच लिहून गप्प बसले होते. आई रोज दुकानात असते, गॅलरीजवळच्या खुर्चीत. हात थरथरतो म्हणून दोरा सोडला, जीभ अजिबात थरथरत नाही. माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची भुवई तिकडून तपासते आणि "डावी चढली" म्हणून ओरडते.

मागच्या आठवड्यात एक पाहुणीण वर आली. आईला विचारलं, "तुमच्याकडे ही चाल फार जुनी का?" मला वाटलं, आता आई त्या पुस्तकाचे वाभाडे काढणार. आई म्हणाली, "तर काय! आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत अशा भुवया. आमच्याइतक्या दाट कुणाच्याच नाहीत." माझ्या हातातला दोरा तुटला. जिने आयुष्यभर लोकांच्या कपाळाची तणं उपटली, ती सांगत होती हे! आणि थांबेचना. "नातीच्या तर काहीच नाहीत. माझ्या थोरलीच्या बघायला हव्या होत्या तुम्ही. अशा होत्या की..."

इथे ती थांबली. मग पाणी मागितलं. मग म्हणाली, पंखा कमी कर.

'थोरली' हा शब्द तिने उच्चारला, ताई. मी लग्न करून, मूल वाढवून म्हातारी व्हायला आले, त्या सगळ्या काळात हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. पुस्तक तू पाठवलंस हे तिला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही आणि सांगायचं की नाही हे तू सांग.

धाकटी


३० मे

ताई,

सांगू नकोस, असं लिहिलंस. नाही सांगितलं. पण जे झालं ते माझ्या हातात नव्हतं.

भिंगरीची मजा संपली होती. गेले काही आठवडे ती बापाची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून कामावर जायची. लोक तिकिटाऐवजी तिच्याकडे बघत हसायचे, खिडकीबाहेर आपल्या मुलींना उभं करून फोटो काढायचे. लहानपणी तिला चिडवणारीच आता "आमची भिंगरी" म्हणून पाहुण्यांना दाखवायला आणायची. वर नगरपालिकेचे साहेब आले. धक्क्यावर मोठा फलक लावायचा आहे, भिंगरीचं तोंड आणि खाली 'जुळलेल्या भुवयांच्या गावात आपलं स्वागत'. ह्यांना आनंद झाला, मलाही थोडा झाला, खोटं कशाला बोलू. पोरीने टोपी आणखी खाली ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली, टोपी काढली आणि खुर्चीत बसली. आपण होऊन! म्हणाली, "काढ."

"पेन्सिलीने?" मी गंमत केली.

"दोऱ्याने. सगळ्या. बारीक कर."

ताई, या क्षणाची मी किती वर्षं वाट पाहिली होती ते माझं मला माहीत. पार्लरवालीची पोरगी आणि कपाळावर हे रान, म्हणून कितीजणींनी मला टोमणे मारले. मी दोरा घेतला, पीळ दिला आणि विचारलं, "आवडत नाहीत का तुला?"

"फार आवडतात गं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "पण आधी त्या माझ्या होत्या. आता गावाच्या झाल्यात. लोक चिडवायचे तेव्हा बरं होतं. तेव्हा निदान त्यांच्या नव्हत्या."

मी दोरा तसाच ताणून धरला. तेवढ्यात मागून आवाज आला, "दोरा खाली ठेव."

आई खुर्चीतून उठली होती. भिंतीला धरत धरत आली. मला वाटलं, मला बाजूला सारून स्वतःच करते की काय. ती काचेपाशी गेली आणि तुझा 'नंतर' काढून आणून भिंगरीच्या मांडीवर ठेवला. शेजारची जागा अजून रिकामी आहे तिथे, पुठ्ठ्याचा रंग तेवढ्यात जरा कमी उडालाय एवढंच.

"ही कोण, ठाऊक आहे?"

"शहरातली कुणी मॉडेल," भिंगरी म्हणाली. लहानपणापासून तिला तेच वाटत आलंय. मावशी आहे हे तिला माहीत होतं, ती कशी दिसते हे नव्हतं. जुनी माणसं ओळखतात, पण आईसमोर बोलायची छाती कुणाची?

"तुझी मावशी. तुझ्यासारख्याच होत्या. मी काढल्या. रडत होती तरी काढल्या, आणि वर फोटो लावला. पोरगी गेली ती गेलीच." मग भिंगरीच्या भुवईवरून तिने अंगठा फिरवला, केसांच्या दिशेने. "तुला काढायच्या तर काढ. पण उद्या. आज रडत्येस. रडत्या पोरीला दोरा लावायचा नाही, एवढं मी शिकले."

भिंगरीने त्या फोटोकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं, आता फोटोच काहीतरी बोलेल. मग डोळे पुसले आणि सुरू झाली: मावशी कुठे असते, काय करते, उंच आहे का, तिचाही आवाज मोठा आहे का, रागावली की तिच्याही भुवया अशाच एकावर एक चढतात का? आई एकेका प्रश्नाला "असेल," "असेल" म्हणत होती.  तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं आणि पर्स माझ्या काखेत होती, ती मी इतकी घट्ट धरली की ह्यांनी संध्याकाळी विचारलं, हात का अवघडलाय.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आलीच नाही खुर्चीत बसायला. टोपीही घरीच राहिली. साहेबांना मात्र तिने सांगून टाकलं, "फलक लावायचाच तर तुमच्या मिसेसचा लावा. त्यांच्या पेन्सिलीच्या माझ्याहून सुंदर दिसतात."

धाकटी


१७ ऑगस्ट

ताई,

ती आली! पुस्तकवाली. कुणाच्या ध्यानीमनी नसताना, डोक्यावर चष्मा आणि पायात धुळीने माखलेले बूट. नवीन आवृत्ती निघायची आहे म्हणून पुन्हा गाव बघायला आली होती. बाजारातून चालत येताना तिने जोडलेल्या भुवयाच भुवया पाहिल्या आणि हरखून गेली. माझ्या दुकानात शिरली, तर खुर्चीत शिंपीण आणि माझ्या हातात पेन्सिल. बाईचा चेहरा बघायला हवा होतास. आपली भाषा बऱ्यापैकी बोलते. म्हणाली, "हे... काढलेलं आहे?"

"तुमचीच कृपा," आई खुर्चीतून म्हणाली.

मी भिंगरीला बोलावणं पाठवलं. ती खिडकी बंद करून धावतच आली आणि दम घ्यायच्या आत विचारलं, "तुम्ही आमच्या गावात किती दिवस होतात हो?"

बाई लालबुंद झाली. "एक दुपार. माझी लाँच चुकली होती."

"लाँच चुकली नव्हती. तुम्ही उशिरा आलात."

मला वाटलं, आता भांडण. पण ती बाई हसायला लागली, मोठ्याने, आणि जमिनीवरच बसली. मग जे बोलली ते मला जसंच्या तसं आठवतंय. "मी बाराव्या वर्षापासून आरशासमोर चिमटा घेऊन उभी राहिलेय. आमच्याकडे सगळ्याच राहतात. त्या दुपारी तू खिडकीत पेन्सिल चावत बसली होतीस. मला वाटलं, इथे मुलींना कुणी काही सांगतच नसेल. असं एखादं गाव कुठेतरी असावं, असं मला फार वाटत होतं. तुला पाहिलं आणि मी ते लिहून टाकलं."

"मला रोज सांगतात!" भिंगरी म्हणाली. "शाळेत सांगायचे, बाजारात सांगतात, आईची गिऱ्हाइकं सांगतात. मी ऐकत नाही, एवढंच."

बाईने पेन काढलं. "हे लिहू?"

"लिहा. पण गावाच्या नावावर नको. माझ्या नावावर लिहा."

तेवढ्यात बाईचं लक्ष भिंतीकडे गेलं. तुला ती चौकट आठवते? दुकान उघडलं तेव्हा आईने लावलेलं मासिकाचं पान, कुणा सद्‌गृहस्थाचं प्रवासवर्णन. 'त्या महानगरातील स्त्रियांच्या भुवया लेखणीने ओढलेल्या रेघेइतक्या बारीक असतात. अशी लावण्यवती स्त्री भूतलावर अन्यत्र नाही.' आईचं सगळं शिक्षण ते. त्याच चित्राकडे बघून तिने दोरा धरला, आधी स्वतःवर आणि मग आपल्यावर.

बाईने ते पान अक्षर लावत लावत वाचलं, शहराचं नाव वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. "हे माझं गाव आहे! माझी आजी तेव्हा तिथे होती." आजी सांगायची म्हणे, ती टूम एक-दोन हिवाळे टिकली. एका बड्या हॉटेलात गाणाऱ्या बायका तशा भुवया ठेवायच्या. आजीनेही हौसेने करून घेतल्या, तर आजोबांनी दार उघडून विचारलं, "कोण हवंय?" पुन्हा म्हणून केल्या नाहीत. "हे गृहस्थ नेमके त्याच हिवाळ्यात आले असणार," बाई म्हणाली, "आणि त्याच हॉटेलात उतरले असणार."

 मी आईकडे बघायचं टाळलं. आई चौकटीकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे एका हॉटेलातल्या बायकांसाठी मी अख्ख्या गावाच्या भुवया उपटल्या?"

आणि हसायला लागली. आई, ताई! खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी, कवळी सावरायला हात तोंडावर. तिचं बघून बाई, बाईचं बघून भिंगरी, आणि अर्धी भुवई काढून झालेली शिंपीण तर खुर्चीसकट फिरली. खालून शिंपी विचारायला आला, काय झालं. त्याला कोण सांगणार?

बाई संध्याकाळच्या लाँचने गेली, वेळेवर. जाताना आईने तिचा हात धरला. "नव्या पुस्तकात खरं काय ते लिहा. पण ते गाव अगदीच पुसू नका. मुलींना कुणी काही सांगत नाही असं गाव असायला काय हरकत आहे?"

मी झाडत होते तेव्हा आईने मागून विचारलं, "ते पुस्तक थोरलीने पाठवलं ना?"

केरसुणी हातातून पडली. "तुला कुणी सांगितलं?"

"पानाचा कोपरा तिच्यासारखा दुमडलाय. दोनदा. त्यावरून मी किती रागवायचे." मग म्हणाली, "मला तिच्याकडे जायचंय. बोलवेल का, विचार."

तर विचारते आहे. आजवर तिने धक्क्यापलीकडे पाऊल टाकलेलं नाही. तुला नको असेल तर नको म्हण, मी तिला समजावेन. तुझ्यावर कसलीही जबरदस्ती नाही. या घरात ती पुरेशी झाली.

धाकटी


११ सप्टेंबर

ताई,

"येऊ दे. दोरा आणायचा नाही."

तुझं हे पत्र मी आईच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "लिहिते मात्र मुद्द्याचं. माझ्यावर गेलीय."

आई निघाली, पण बोटीला वेळ लागेल; हे पत्र जलद टपालाने तिच्या आधी पोचेल, म्हणून कामाचं आधी. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, पण विचारलंस तर नाही म्हणेल. चहात साखर कमी हवी, पण घातलीस तर पिईल. रागावली तर समज की घाबरली आहे. हे मला फार उशिरा कळलं.

निघायची धांदल काय वर्णू! आयुष्यात पहिल्यांदा प्रवास, त्यामुळे निम्मं घर गाठोड्यांत बांधून घेतलं. आल्यागेल्या प्रत्येकीला सांगत होती, "प्रवासाला निघालेय. तिकडच्या बायका बघून येते, मग सांगते तुम्हाला कसं राहायचं ते." तिकीट भिंगरीने स्वतः खिडकीतून दिलं आणि हात पुढे केला. "आज्जी, खिसे दाखव." कोटाच्या आतल्या खिशात दोऱ्याचं रीळ निघालं. आई म्हणते, सवयीने राहिलं. भिंगरीने ते काढून घेतलं आणि तिच्या गालाचा मुका घेतला.

लाँच वळेपर्यंत आई पाठमोरी बसली होती. मग उठून उभी राहिली आणि आमच्याकडे बघून इतक्या जोरात हात हलवला की शेजारच्या माणसाची टोपी पडली.

दुकान जोरात आहे. पेन्सिलीचं वेड ओसरलं. आता कुणी बारीक करा म्हणतं, कुणी आहे तशी राहू द्या, नुसतं डोकं चेपून द्या म्हणतं. मुख्याध्यापिकाबाई गप्पा मारायला येतात. आणि ताई, मी प्रत्येकीला खुर्चीत बसल्यावर आधी विचारते, "कशा हव्यात?" इतकी वर्षं दुकान चालवलं, पण हे विचारायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पुष्कळ जणी गोंधळतात. म्हणतात, थांब, विचार करू दे.

भिंगरी तुला एकच निरोप देते: पुढच्या सुट्टीत यायची पाळी तिची.

धाकटी


६ ऑक्टोबर
आईचं पत्र, धाकटीला

बाळ,

सुखरूप पोचले. गुडघे दुखत नाहीत.

गावात सांगून आले होते की तिकडच्या बायका नीट बघून येईन. पण लाँचवरून मोठी बोट, बोटीवरून गाडी, गाडीतून उतरले तेव्हा फलाटावर हजार बायका असतील, मला एकही दिसली नाही. मी एकच चेहरा शोधत होते, तोही आठवणीतला, तरुण. तेवढ्यात गणवेशातली एक बाई समोर येऊन उभी राहिली. निळा कोट, डोक्यावर टोपी. मला वाटलं, तपासनीस आहे. मी घाईघाईने तिकिटं काढून दिली. तिने ती घेतली, वरची चाळली, खालचं वाचलं आणि म्हणाली, "आई, हे परतीचं आहे. हे मी ठेवते."

मग टोपी काढली.

आहेत. तशाच आहेत. आता मधूनमधून पांढरे केस आलेत त्यांत. पहिल्या दिवशी मी नीट बघितलंसुद्धा नाही, धीर होईना. रविवारी सकाळी ती पेपर वाचत बसली होती. वाचताना तिची भुवई वर-खाली होते, एखादी बातमी पटली नाही की दोन्ही मिळून एक गाठ होते. मी बघत बसले. तिने वर न बघता विचारलं, "काय बघतेस?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "बघ मग," आणि पान उलटलं.

तुला माहीत होतं का गं, ती बस चालवते? एवढी मोठी बस, मागे दुसरी बस जोडलेली, वळणावर मध्येच वाकते! चौकात सगळे तिच्यासाठी थांबतात. घरी एकटी बसून काय करू, म्हणून मी रोज तिच्याबरोबर जाते. पुढची जागा माझी. रोजचे उतारू आता मला ओळखतात. कुणी चढलं की मी सांगते, चालवतेय ती माझी थोरली.

बायकांचं विचारशील तर सगळ्या तऱ्हा चढतात आमच्या बसमध्ये. काहींना भुवयाच नाहीत, काहींना आहेत, एका आजीबाईंनी निळ्या रंगवल्यात आणि त्यांना शोभतात. तिकडे परत येऊन काय सांगू, हे काही मला अजून ठरवता आलेलं नाही. सांगायची घाई नाही.

मंगळवारी बस जरा रिकामी होती. मी पुढे वाकून तिला म्हटलं, "चुकलंच माझं." तिने मान न वळवता बोटाने वर दाखवलं. पाटी होती: 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.'  घरी गेल्यावर पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर भाजी चिरता चिरता म्हणाली, "ऐकलं मी." आणि मला लसूण सोलायला दिला.

तिच्या बसचा मार्ग लांब आहे. पूल आहे, बाग आहे, मोठा उतार आहे, तिथे मी दांडा घट्ट धरते आणि ती आरशातून मला हसते. शेवटचा थांबा आला की सगळे उतरतात. ती इंजिन बंद करते, मागे वळते आणि विचारते, "उतरतेस?"

मी म्हणते, "अजून एक फेरी."

आई